गजा, तुझ्या गाडीला नवा पंप बसवला

गजा, तुझ्या शोकसभेत लोक हसले. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुझी बहीण म्हणून मीच सांगते.

देवळासमोर मांडव घातला होता. मागे फ्लेक्स. त्यावर डाव्या कोपऱ्यात तू, काळा चष्मा लावलेला. सुमनच्या भाचीच्या लग्नातल्या फोटोतून तुला कापून काढलंय, त्यामुळे तुझ्या खांद्यावर कोणाचा तरी हात तसाच राहिला आहे. उरलेल्या जागेत तुला श्रद्धांजली वाहणारे, आकाराने तुझ्या दुप्पट, सगळे हयात आणि प्रसन्न. तुझ्या नावाखाली छापलं होतं, ‘मत्स्यवाहतूक क्षेत्रातील आधारवड’. हे क्षेत्र म्हणजे आपली जुनी पिकअप, तिच्या हौद्यातल्या बर्फाच्या पेट्या आणि घाटी चढून गेल्यावर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, लागणारी गावं. मला हे ठाऊक होतं म्हणून बरं, नाहीतर मीही दबकून वाचलं असतं.

मग पंचायतीतले एक माननीय बोलायला उठले. ऊन, वारा, पाऊस असं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘गजाभाऊंची गाडी आयुष्यात कधी थांबली नाही.’’ आणि वाक्य मुरावं म्हणून गप्प राहिले. तिथेच घोटाळा झाला. मागच्या बाकावर कोणी तरी खोकलं. मग रापणीची जाळी ओढणाऱ्यांच्या रांगेतून नाकातला आवाज आला. मग बायकांच्या बाजूने. सुमन, बायको तुझी, पदर तोंडात धरून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. शेजारणींना वाटलं रडतेय, त्यांनी तिला पोटाशी घेतलं आणि जवळ गेल्यावर त्यांनाही कळलं. माननीय म्हणाले, भावना अनावर होणं साहजिक आहे, आणि खाली बसले. इतकी चांगली शोकसभा मी पाहिलेली नाही.

हा मजकूर तुला आहे, पण वाचणार दुसरेच, म्हणून थोडं सांगायला हवं. तुझी गाडी रोज थांबायची. आपल्या घरामागून घाटी चढते, तिच्या मधल्या उभ्या वळणावर, जिथे जांभा फोडून रस्ता काढलाय, तिथे इंजिन खोकायचं आणि गप्प व्हायचं. खाली घरात आम्हाला आवाज तुटलेला कळायचा. शेजारची कुंपणावरून म्हणायची, ‘‘गजा पोचलो वळणार.’’

कारण फीड पंप. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाकडे पाठवणारा मुठीएवढा लोखंडी पंप. तो आतून झिजला होता. टाकी मागे, इंजिन पुढे. सपाटीवर तो कसंबसं ओढायचा, पण चढ लागला की टाकी खाली जाणार, इंजिन वर, आणि त्याचा दम संपणार. मग एकाने उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि पंपावरची बारकी मूठ हाताने वरखाली करून डिझेल वर चढवायचं. हँडब्रेकही नावापुरताच होता, म्हणून दुसऱ्याने तोवर ब्रेकवर पाय रोवून बसायचं. म्हणजे या गाडीला घाटी चढायला दोन माणसं लागायची. तू आणि सुमन. सुमनला जमत नसेल त्या दिवशी तू आणि मी.

पंपाला दोष द्यायला तू तयार नव्हतास. त्या वळणावर देवचाराची जागा आहे. एक दगड, त्यावर बिड्यांचा खच. देवचार म्हणजे त्या जागेचा राखणदार, कोणाला सोडतो, कोणाला अडवतो, कोणाकडे काय मागेल सांगता येत नाही. थोडक्यात, तालुक्याच्या कचेरीपेक्षा फारसा वेगळा नाही. जाणारा येणारा तिथे बिडी ठेवतो. तुझी गाडी नेमकी त्याच्या दारात बंद पडायची, त्यामुळे गावाने निष्कर्ष काढला होता आणि तू त्याला पाठिंबा दिला होतास.

‘‘पंप बरो आसा, बाय. देवचार थांबयता.’’

मी मुलांना विज्ञान शिकवलं नाही, मराठी शिकवलं, पण एवढी शंका घेण्यापुरतं शास्त्र मराठीच्या बाईलाही येतं. एकदा मी तुला टाकी काठोकाठ भरायला लावली, म्हणजे पंपाला कमी उंच ओढावं लागेल. आपण निघालो. वळण आलं, गेलं, गाडी थांबली नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू रस्त्यावरची नजर न हलवता म्हणालास, ‘‘आज मास्तरीण बसली हा म्हणान सोडल्यान.’’

आता तुझ्याशी वाद कसा घालायचा, हे तेव्हाही कळत नव्हतं. आता तर तू फारच फायद्याच्या जागी जाऊन बसला आहेस.

मला घरात बसवत नाही. वाचायला घेते, दोन पानं होतात आणि उठते. दुःखावर लिहिलेली पुस्तकं माझ्या कपाटात पुष्कळ आहेत. मोठमोठ्या माणसांनी लिहिली आहेत. मृत्यू म्हणजे काय, शोक म्हणजे काय, सगळं आहे. माणूस जाताना बंद पडणारी गाडी मागे ठेवून गेला तर काय करावं, याचा विचार एकानेही केलेला दिसत नाही. मग मी अंगणात जाते, बॉनेट उघडून बघते, बंद करते. परत येते. सुमन म्हणते, वन्सं, बसा वायच. आणि स्वतः उठून अंगणात जाते.

जामसंड्याचा दिवस आठवतो का? तिथल्या एका शाळेने माझा सत्कार ठेवला होता. मी बसने जाते म्हणत होते. तू म्हणालास, सत्काराक बशीन जातत? आणि पिकअप धुऊन आणलीस. धुतल्यावर तिला मासळीचा वास जास्त येतो हे तुला शेवटपर्यंत पटलं नाही. मी रेशमी साडी नेसले होते. वाटेतल्या चढावर गाडीने मान टाकली. ब्रेकवर तुझा पाय, म्हणजे उतरायची पाळी माझी. मी पदर खोचला आणि हात काळे करत पंप मारू लागले. मारता मारता तुला विचारलं, इथे कुठला देवचार? तू खिडकीतून डोकं काढून शांतपणे म्हणालास, ‘‘हयचो वेगळो. पण वळख आसा.’’

त्या शाळेत सात-आठ जणांनी माझ्याबद्दल जे सांगितलं ते ऐकून मला माझी ओळख करून घ्यावीशी वाटली. शाल दिली. श्रीफळ दिलं, आपल्या परड्यात माड, त्यांच्या परड्यात माड, तरी नारळ इकडून तिकडे जातात. डिझेलचा वास असलेल्या हातांनी मी ते घेतलं आणि अध्यक्ष जरा मागे सरकले. परत येताना देवगडहून बर्फ घेतलास आणि वितळू नये म्हणून शाल त्यावर पांघरलीस. त्या शालीचा एवढा उपयोग दुसऱ्या कोणाला सुचला नसता.

निवृत्त झाल्यावर मी एक पावसाळा नुसती खिडकीत बसून काढला होता. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. एका सकाळी तू दारात उभा राहून म्हणालास, ‘‘बाय, सुमनचो पाय दुखता. आज तू चल.’’ सुमन तुझ्यामागे अंगण झाडत होती, दोन्ही पायांवर व्यवस्थित उभी. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा-तीनदा सुमनचा पाय दुखू लागला आणि मी सड्यावरच्या बायकांना बांगडे आणि तारले मोजून देऊ लागले. सड्यावर मला कोणी बाई म्हणत नाही. ‘गजाची भयण’ म्हणतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत मिळालेल्या कुठल्याही मानपत्रापेक्षा ते मला आवडायचं. हे तुला सांगायचं होतं. तू ऐकलं असतंस आणि बर्फाचं काही तरी बोलला असतास.

आणि शेवटच्या सकाळी आपण पुन्हा पंपावरच भांडलो. मी म्हटलं, कुठल्याही गॅरेजमध्ये तासाभराचं काम आहे, बदल एकदाचा, नाहीतर ही गाडी विकून टाक. तू चहा पीत होतास. बशी खाली ठेवलीस आणि म्हणालास, ‘‘पंप बदलूक नाय तेका कारण आसा. सांजेक सांगतंय.’’ आणि जेटीवर गेलास. तिथे बर्फाची पेटी उचलताना जे झालं ते झालं.

तेव्हापासून मी त्या कारणामागे आहे. झोपेत नाही, भुतासारखं नाही. भाजी चिरताना, कुलूप लावताना. काय असेल?

तेराव्यानंतर तारकर्लीच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर आला. तरुण, सभ्य, बोलताना छातीवर हात ठेवणारा. त्याला तुझी गाडी हवी होती. चालवायला नाही. फाटकापाशी उभी करायची, समुद्राच्या रंगाने रंगवायची, हौद्यात माती भरून सदाफुली लावायची, टपावरून जुनं जाळं सोडायचं आणि बाजूला पाटी, त्यावर तुझं नाव. पाहुणे फोटो काढतील. काकांची आठवण कायम राहील, असं तो म्हणाला. मी विचारलं, गाडी सारखी बंद पडते, चालेल का? तो म्हणाला, उलट बरं. आणि सुमन काकूंना वाटलं तर आमच्या किचनमध्ये अस्सल मालवणी जेवणासाठी जागा आहे. म्हणजे गाडी फाटकात, सुमन चुलीपुढे. दोघी बघायला ठेवलेल्या.

मी तोंड उघडलं होतं, पण गाडी सुमनची, निर्णय सुमनचा. तिने त्याला रविवारी सकाळी यायला सांगितलं. तो म्हणाला, क्रेन घेऊनच येतो. तो गेल्यावर ती ओट्यावर येऊन बसली. मग म्हणाली, ‘‘वन्सं, एकटीच्या हातान गाडी घाटी चडली तर मी ठेयतंय. नाय चडली तर तेका नेवंदे.’’

तिचं म्हणणं बरोबर होतं. जेटीवरून मासळी घ्यायला ती एकटी पुरते, विकायला एकटी पुरते. तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती खाडीकाठच्या मोकळ्या जागेत गाडी शिकली. लायसनच्या फोटोत भांडायला निघाल्यासारखी दिसते, पण लायसन खरं आहे. अडचण फक्त त्या वळणाची. एकटी असताना तिथे गाडी बंद पडली तर ती ब्रेकवरचा पाय काढू शकत नाही आणि पाय न काढता पंप मारता येत नाही. रोज माझ्यासारख्या म्हातारीच्या भरवशावर धंदा चालत नाही. माझे गुडघे तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहेत.

तर गजा, ही गाडी विक म्हणून ज्या बहिणीने वर्षानुवर्षं तुझं डोकं खाल्लं, ती आता गाडी विकली जाऊ नये म्हणून पास्कूच्या गॅरेजातल्या बाकड्यावर जाऊन बसली.

पास्कू तुला पुरता माहीत आहे. इतरांना सांगते, की तो कुवेतला काही वर्षं होता आणि त्यानंतर आपल्या तालुक्यात त्याला शिकण्यासारखं काही उरलं नाही. कुठलाही पार्ट पाहिला की कुवेतात याच्यापेक्षा मोठा होता म्हणतो. म्हापशाला त्याचा मेव्हणा पार्टचं दुकान चालवतो. आपल्या गाडीचा पंप इकडे कोणी ठेवत नाही म्हणून त्याने मेव्हण्याला फोन केला आणि पंप बसच्या कंडक्टरकडून आला, चुरमुऱ्यांच्या पिशवीत. शनिवारी दुपारी पास्कू आपल्या अंगणात आला. दोन बोल्ट, दोन पाइप. आपण ज्यावर इतकी वर्षं भांडलो ते काम त्याचा चहा निवायच्या आत निम्मं झालं होतं.

जुना पंप त्याने माझ्यापुढे उघडला. आतली झडप झिजून बोटाच्या नखासारखी झाली होती, स्प्रिंग नुसती नावाची. त्याने ती झटकली आणि म्हणाला, ‘‘भितर काय रवलाच नाय. ह्यो चलत कसो होतो?’’

मी जिंकले होते. पुराव्यासकट. अंगणात, साक्षीदारासमोर. मी ती झडप तळहातावर घेतली आणि दाखवायला मागे वळले. मागे तुळशीवृंदावन होतं आणि दोरीवर सुमनने वाळत घातलेला तुझा सदरा. जिंकलेला वाद कुठे ठेवायचा असतो, गजा? घरात त्याच्यासाठी जागा नाही.

पास्कूने मग लायनीतली हवा काढली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, मूठ मारत राहायची. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. गाडी सुरू झाली. सुमन स्टिअरिंगवर, मधे मी, खिडकीशी पास्कू. घाटी लागली. पहिलं वळण गेलं. मी समोरच्या काचेवरच्या भेगेकडे बघत होते. मधलं वळण आलं, इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

नेमकं तिथेच. दगडासमोर.

पास्कूने छातीवर बोटांनी क्रूस काढला. मग खाली उतरला, बिडी पेटवली आणि दगडावर ठेवली. क्रूस आपल्यासाठी, बिडी त्याच्यासाठी. यात त्याला काही विसंगत वाटलं नाही आणि त्या घडीला मलाही नाही. तो म्हणाला, ‘‘पंप नवो आसा. म्हणजे पंपाचो दोष नाय.’’ याला तर्कशास्त्र म्हणतात. मी उतरले, नव्या पंपाची मूठ हातात घेतली आणि मारली. नवी मूठ घट्ट होती, हाताला अनोळखी.

वर सड्यावर गाडी वळवायला थांबलो तेव्हा पास्कू गडग्यावर, कडेच्या दगडी बांधावर, बसला आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, ‘‘मी गजाक कितींदा सांगलंय, पंप घाल. तेका नको होतो. पंप घातल्यार एकट्यान जावचा लागात ना. तेका एकटो जावक बरा वाटा नाय.’’

मी सुमनकडे पाहिलं. मला ती दारातली सकाळ आठवली, सुमनचा न दुखणारा पाय आठवला. इतके दिवस शोधत होते ते कारण असं गडग्यावर बसलेलं मिळतंय की काय, असं वाटलं.

सुमन टायरला लाथ घालून हवा बघत होती. ती म्हणाली, ‘‘तेचा काय नाय. आळशी होतो. आणि सांजेक सांगतंय म्हणान माका लग्न झाल्यापासून सांगता हा. एकदाय सांगूक नाय.’’

पास्कू हसला. मग सुमन हसली, मग तिला ते हसणं पुरं करता आलं नाही आणि ती गाडीच्या पलीकडल्या बाजूला गेली. आम्ही दोघांनी समोरच्या काजूच्या झाडाचं बरंच निरीक्षण केलं.

दोघांपैकी कोणाचं खरं, मला ठरवता येत नाही. पास्कूचं म्हणणं शोकसभेत शोभेल इतकं सुरेख आहे, म्हणून मला त्याचा संशय येतो. सुमन तुझ्याबरोबर जास्त वर्षं राहिली आहे. पण आळशी माणूस बहिणीला खिडकीतून उठवायला सकाळी सकाळी दारात येऊन उभा राहत नाही. मी फिरून तिथेच येते. सांज झाली की जास्त.

पास्कू देवचारावर सगळं सोपवून घरी गेला. सुमनने हातपाय धुतले, दिवा लावला आणि विजेरी घेऊन बॉनेटखाली वाकली. मी मागे उभी राहिले. ती म्हणाली, देवचार आसा तर आसा, पण हय वला कित्याक? पंपाच्या सांध्याशी बोट फिरवून तिने मला दाखवलं. बोट डिझेलने ओलं झालं होतं. डिझेल बाहेर येतं तिथून हवा आत जाते, आणि हवा गेली की नवा पंपही तेवढाच लाचार.

मी पंपाचं रिकामं खोकं शोधलं. डॅशबोर्डवर पडलं होतं. तळाशी कागदाची बारकी पुडी. फोडली तर आत तांब्याच्या चकत्या, नव्या कोऱ्या, सांध्यात घालायच्या. पास्कूने जुन्याच चकत्या परत बसवल्या होत्या. फोन केल्यावर तो तसाच आला. पुडी बघून म्हणाला की बुटांच्या खोक्यात ओल येऊ नये म्हणून घालतात तसली पुडी समजलो. चकत्या बदलल्या, पाइप आवळले, पुन्हा हवा काढली. जाताना मान खाजवत म्हणाला, ‘‘देवचाराक उगाच बिडी दिलंय.’’ मी म्हटलं, उद्या परत माग.

आज रविवार. सकाळी सुमन जेटीवरून पेट्या भरून आली आणि गाडी दारात उभी केली. मी तयारच होते. चष्मा, पाण्याची बाटली, हात पुसायला जुना पंचा. केबिनचं दार उघडायला गेले तर ती म्हणाली, ‘‘वन्सं, तुम्ही येव नकात.’’

मी विचारलं, का?

‘‘तुम्ही बसल्यार ती चडली काय मी चडयली, माका कळाचा नाय.’’

मी म्हटलं, अगं, बंद पडली तर? पाय ब्रेकवर ठेवून किती वेळ बसशील? ती म्हणाली, कोण तरी येतलो. बसतलंय. आणि गाडी घाटीला घातली. आरशात तिने एकदाही मागे पाहिलं नाही. तू पाहायचास.

आणि मग मी हातात पंचा घेऊन अंगणात उभी राहिले, गजा. मला आयुष्यात अनेक ठिकाणी बोलावलं गेलं नाही आणि त्याचं मला सुखच वाटलं. आज वाटलं नाही.

तेवढ्यात मॅनेजर आला. क्रेन रस्त्यावर उभी केली होती. मी त्याला ओट्यावर बसवलं, चहा ठेवला, परत येऊन बसले. तो मोबाइलवर सदाफुलीचे रंग दाखवू लागला. गुलाबी की पांढरी? मी घाटीकडे कान लावून होते. गाडी पायथ्याशी होती, दुसऱ्या गिअरमध्ये. मग पहिलं वळण. आवाज जरा जड झाला. शेजारची कुंपणाशी येऊन उभी राहिली होती, हातातला झाडू तसाच. पांढरी क्लासी दिसेल, तो म्हणाला. गाडी मधल्या चढाला लागली. आवाज वर चढत गेला, चढत गेला, आणि तुटला.

शेजारचीने माझ्याकडे पाहिलं. दर वेळचं वाक्य ती बोलली नाही.

मी उठले. मला तो रस्ता डोळ्यांपुढे दिसत होता, दगड, बिड्या, सुमनचा पाय. मी चपला शोधू लागले. पायी चढायला मला किती वेळ लागेल आणि तोवर तिचा पाय टिकेल का, एवढंच डोक्यात होतं. मॅनेजर विचारत होता, काकू, काय झालं? एक चप्पल मिळाली, दुसरी मिळेना.

आणि आवाज परत आला. आधी होता त्याहून वरून, बारीक, पण सलग. वळणावर जांभ्याची कड आहे, ती आवाज झाकते. इतकी वर्षं खालून ऐकत आले, पण हे मला माहीत नव्हतं, कारण मी खाली असताना तू त्या कडेमागून न थांबता कधी बाहेर आलाच नाहीस.

एका पायात चप्पल घालून मी खाली बसले. मॅनेजरने चहा संपवला, कप कडेला ठेवला, रिकाम्या अंगणाकडे पाहिलं आणि सभ्यपणे विचारलं, ‘‘काकू, पण गाडी कुठे आहे?’’

मी म्हटलं, ‘‘ऐका.’’

त्याने मान तिरकी करून ऐकलं. ‘‘काही ऐकू येत नाही,’’ तो म्हणाला.

मला येत होतं. गाडी सड्याला लागली होती आणि सुमनने वरचा गिअर टाकला.